चौथ्या गिअरची जागा

गिअरचा दांडा मुळासकट माझ्या हातात आला तेव्हा मी चौकाच्या बरोबर मध्यावर होते. सिग्नल नुकताच हिरवा झाला होता, पहिला गिअर पडला होता, दुसराही कसाबसा पडला होता, आणि तिसरा शोधायला म्हणून मी दांडा पुढे ढकलला तर तो वरच आला. जमिनीतून मुळा उपटून यावा तसा आला, काळ्या ग्रीसनं माखलेला, खालच्या टोकाच्या जरा वर लिंबाएवढा लोखंडी गोळा. ट्रक आपल्या आपण थोडा घरंगळला आणि थांबला. मागे बस होती, बसच्या मागे आणखी काय काय होतं देव जाणे, सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवायला सुरुवात केली. अशा वेळी माणसानं घाबरायला हवं. मला हसू आलं. साधंसुधं नाही, पोट धरून. इतकी वर्षं ज्या दांड्याची मी धास्ती घेतली, जो माझ्याच काय, कुणाच्याच बापाला दाद देत नव्हता, तो आता माझ्या मांडीवर आडवा पडला होता, आणि त्याचं पितळ उघडं पडलं होतं. पोलीस धावत आला. खिडकीतून आत बघून त्यानं विचारलं, "बाई, हे काय?" मी म्हटलं, "गिअर." तो म्हणाला, "तो आत असतो ना?" मी म्हटलं, "असतो." मग त्यालाही हसू आवरेना. त्यानं बसमधली चार माणसं उतरवली, मी स्टिअरिंग धरून बसले, आणि आमचा तो अवाढव्य म्हातारा ढकलत ढकलत शाळेच्या भिंतीशी उभा करण्यात आला. पोलीस म्हणाला, "दुपारपर्यंत हलवा हां." आणि निघून गेला. मी तशीच बसून राहिले. छाती धडधडत होती, पण भीतीनं नव्हे. लहानपणी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की धडधडायची, तशी.

ट्रक सासऱ्यांच्या वेळचा. लोकांची घरं हलवायचा आमचा धंदा. एका घरातून सामान काढायचं, दुसऱ्या घरात लावून द्यायचं. हे म्हणजे माझे यजमान ट्रक चालवणार, कपाटं आणि पलंग हमाल चढवणार, आणि जे जे फुटण्यासारखं ते मी गुंडाळणार. आणि जे गुंडाळूनही फुटेल असं वाटतं, ते मागे टाकायचं नाही, ते माझ्या मांडीवर. आरसे, काचेची झुंबरं, कुणाच्या आईचं लंबकाचं घड्याळ, एकदा तर पिसारा फुलवलेला चिनी मातीचा मोर. शेजारच्या सीटवर बसून मी आख्खं शहर मांडीवर घेऊन फिरले आहे. आणि या सगळ्यांत मध्ये तो दांडा. आमच्या ट्रकचा नकाशा उलटा: पहिला-दुसरा ड्रायव्हरच्या अंगाला, तिसरा-चौथा शेजारच्याच्या. दांडा जसजसा ढिला होत गेला तसतशी त्याची झेप वाढत गेली. पुढेपुढे तर चौथा टाकायचा म्हणजे दांड्याची मूठ थेट माझ्या उजव्या गुडघ्याच्या जागेवर यायची. सुरुवातीला हे म्हणायचे, "पाय घे." मग नुसतं "पाय." मग तेही बंद झालं. इंजिनाचा आवाज चढत चढत एका ठरावीक जागी आला, घशात अडकल्यासारखा झाला, की माझा गुडघा आपोआप बाजूला व्हायचा, आणि तो बाजूला झाला की मूठ तिथे यायची. मी झोपेत असले तरी व्हायचा. नणंदेच्या लग्नात जेवायच्या रांगेत बसले असताना मांडवाबाहेर एक टेम्पो चढावर गुरगुरला आणि मी शेजारणीच्या ताटाला लाथ मारली, हे आमच्या घरात अजून सांगतात. एखाद्या जोडप्याचं सगळं बोलणं संपतं आणि काहीतरी एकच शिल्लक राहतं, तसं आमच्यात हे राहिलं होतं. काही दिवस तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमचं दुसरं बोलणंच व्हायचं नाही. मी त्याला संसार म्हणत असे. कधी कधी गुडघ्यावरचा निळा डाग चोळताना मला असंही वाटायचं, की या ट्रकमधलं मीही एक सामानच आहे, फुटणार नाही म्हणून कागदात न गुंडाळलेलं.

यांचं मात्र त्या दांड्यावर राज्य होतं. तळावर, जिथे सगळे ट्रक रात्री लागतात, तिथे आमचा ट्रक फाटकाबाहेर काढून दाखवायची पैज लागायची. नवेजुने सगळे ड्रायव्हर बसून पाहायचे. दांडा चमच्यासारखा गरागरा फिरवायचे, घाम पुसायचे, खाली उतरायचे. मग हे तोंडात काडी धरून यायचे, कुणाकडे न बघता चढायचे, आणि मनगटाला असा एक हिसका द्यायचे की ट्रक सुतासारखा सरळ निघायचा. "हा गिअर हातानं पडत नाही," म्हणायचे, "मनानं पडतो." दुरुस्त करा म्हटलं की म्हणायचे, याला काय झालंय? आणि खरंच, यांच्या हाताखाली त्याला काही झालेलं नव्हतं. झालं ते यांना. डावा खांदा आखडला. आधी शर्ट घालताना, मग भांग पाडताना, मग एका सकाळी हात दांड्यापर्यंत गेला आणि तिथून पुढे जाईना. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, बरं वाटेल, पण अवजड गाडी आता विसरा. मी म्हटलं, मी शिकते. हे हसले, पण नाही म्हणाले नाहीत. मी रीतसर शिकले, परीक्षा दिली, ड्रायव्हिंगच्या शाळेतल्या ट्रकवर मास्तरांनी शाबासकी दिली. शहरातला कुठलाही ट्रक मला चालवता येत होता, एक आमचा सोडून. मैदानावर पहिल्यांदा बसले तेव्हा तिसऱ्याच्या जागी नुसती हवा लागली. इंजिन बंद पडलं, पुन्हा पडलं, आणि शेजारी हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." आठवड्यानं यांनीच एकदा जेवताना सांगितलं की पुलापलीकडच्या वखारवाल्याला शब्द दिलाय. तो लाकडं वाहायला ट्रक घेतोय, गिअरबॉक्स आख्खा बदलून टाकणार आहे. "चालवणारा नाही तर ठेवून काय करायचं?" यांनी घास घेतला. मी इथे बसले होते, समोर. चालवणारा नाही.

आज संध्याकाळी ट्रक वखारीत पोचवायचा होता. यांचा मित्र येऊन ओढून नेणार होता, दुसऱ्या ट्रकला दोर बांधून. सकाळी हे खांद्याच्या व्यायामाला गेले आणि तेवढ्यात एका बाईंचा फोन आला, घर हलवायचं आहे, सामान फार नाही पण माशांची मोठी काचेची टाकी आहे, तुम्ही मांडीवर नेता असं ऐकलंय. मी म्हणायला हवं होतं, आम्ही धंदा बंद केलाय. मी म्हटलं, "संध्याकाळी कळवते." फोन ठेवला आणि किल्ली घेतली. माझं मला कळेना मी काय करते आहे. शेवटचं एकदा बघू म्हटलं. आणि आता अंगण माझ्या मांडीवर आडवं पडलं होतं, आणि ते खरोखरच वाकडं होतं.

मी वाकून भोकात पाहिलं. दांडा जिथून निघाला होता तिथे एक गोल तोंड, आत अंधार, आणि अंधारात ग्रीसमध्ये रुतलेले पिवळट तुकडे. बोटानं काढले. प्लास्टिकसारख्या कसल्याशा मालाची एक वाटी होती ती कधीकाळी, बरणीच्या झाकणाएवढी. दांड्याचा गोळा या वाटीत बसायचा, वरून एक स्प्रिंग, त्यावर दाबून फिरवायचं झाकण, बस. वाटी फुटून कधीच चुरा झाली होती, झाकण अडकवायचे कान झिजून गोल झाले होते. एवढंच. मी ते तुकडे तळहातावर घेऊन बघत राहिले. मन, मनगट, पैज, तळावरचे हरलेले ड्रायव्हर, माझा निळा गुडघा, आणि या सगळ्यांच्या मुळाशी एक फुटकी वाटी! मला उकळ्या फुटत होत्या, आणि त्याच वेळी कुठेतरी पायाखालची फळी हलल्यासारखंही वाटत होतं, कारण यांचं राज्य या तुकड्यांवर उभं होतं आणि ते मी कागदात बांधून घेऊन चालले होते. हे नीट केलं तर मी दुरुस्ती करणार होते की चोरी, ते मला ठरवता येईना. पण पाय थांबले नाहीत. दांडा टॉवेलात गुंडाळला, तान्ह्या मुलासारखा खांद्याशी धरला आणि मागच्या गल्लीत लेथवाल्या भाऊजींकडे निघाले. रस्त्यातली माणसं टॉवेलाकडे बघून वाट देत होती.

लेथवाले भाऊजी कातकामाच्या मशीनवर आमच्या ढकलगाड्यांची चाकं करून देतात. माणूस जरा किरकिऱ्या, पण हात सोन्याचा. त्यांनी मशीन थांबवलं, टॉवेल उलगडला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"वहिनी, हा काढलात कसा?"

"काढला नाही. आला."

"दादांना ठाऊक आहे?"

"संध्याकाळी होईल."

त्यांनी दांडा उजेडात धरून गोळा फिरवून फिरवून पाहिला, अंगठा लावून पाहिला, पुन्हा फिरवला. मग मला जवळ बोलावलं. "हे बघा. सगळीकडून सारखा झिजला असता तर म्हटलं असतं, वय झालं. हा एकाच बाजूनं खाल्लाय. चौथा कुठे पडतो तुमचा?"

"माझ्या अंगाला. मागे."

"मग दादा तो सरळ मागे नेत नव्हते. आधी दांडा स्वतःकडे ओढायचे, पीळ द्यायचे, मग वळसा घालून मागे. रोज. गाडी चांगली होती तेव्हापासून. त्या ओढण्यानंच वाटी फुटली. सरळ नेला असता तर अजून वीस वर्षं काही झालं नसतं. कशाला वळसा घालायचे कोण जाणे. मध्ये काही असायचं का?"

मी म्हटलं, "नाही." मग माझ्या तोंडून निघालं, "माझा गुडघा असायचा."

भाऊजींनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मशीनकडे वळले. मी तिथल्या लोखंडाच्या पेटीवर बसले. लेथ सुरू झाला, पांढऱ्या नायलॉनच्या दांडक्यातून लांबच लांब सालं निघू लागली, आणि मला एकदम पहिलं वर्ष दिसलं. दांडा तेव्हा ताठ होता, माझ्या गुडघ्यापासून चांगला वीतभर लांब. पण माझ्या मांडीवर तेव्हा एका वकिलाचा आरसा होता, माणसाच्या उंचीचा, आणि तो धरायला मी पाय फाकून बसले होते, आणि यांनी चौथा टाकताना हात असा आत घेतला होता, कोपर बरगडीला लावून, एखाद्या झोपलेल्या माणसाला न उठवता त्याच्यापलीकडची वस्तू घ्यावी तसा. मी तेव्हा म्हटलं होतं, कसला विचित्र हात चालवतात हे. तो आरसा पोचला, पण हाताला ते वळण पडलं ते पडलंच. मग घड्याळं, झुंबरं, मोर. माझ्या पायाला लागू नये म्हणून यांनी दांडा वळवला, वळवून वळवून वाटी फुटली, वाटी फुटून दांडा ढिला झाला, आणि ढिला झाल्यावर तो येऊन माझ्याच पायाला लागू लागला. कोंबडी आधी की अंडं म्हणतात ते काय वेगळं असतं? मला इतका आनंद झाला की मी त्या पेटीवर बसल्या बसल्या रडले. लेथच्या आवाजात काही ऐकू जात नाही, ती एक सोय असते. मी सामान नव्हते. मी सामान नव्हते, आणि हे मला एका झिजलेल्या लोखंडानं सांगितलं, यांनी नाही! यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, काहीतरीच तुझं.

"प्ले किती ठेवू?" भाऊजींनी ओरडून विचारलं. प्ले म्हणजे वाटी आणि गोळा यांच्यामधली मोकळी जागा.

"अजिबात नको! खूप झाली मोकळीक!"

"अजिबात नको म्हणजे हलणारच नाही. केसाएवढी लागते, वहिनी. दोघांना श्वास घ्यायला."

"मग केसाएवढी ठेवा. पण माझ्या केसाएवढी. यांचे आता राठ झालेत."

भाऊजी हसले. गोळ्याची खाल्लेली बाजू त्यांनी घासून जमेल तेवढी गोल केली, वाटी त्याच्या मापानं बेतली, झाकणाच्या झिजलेल्या कानांवर वेल्डिंगचा थर चढवून ते पुन्हा कोरले, आणि डब्यातून एक नवी स्प्रिंग शोधून दिली. "मी येऊ बसवायला?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. मला ते कुणालाच द्यायचं नव्हतं.

शाळेच्या भिंतीशी ट्रक होता तसाच होता. मी दोन्ही दारं उघडी टाकली, सीटवर गुडघे टेकले आणि भोकातलं जुनं ग्रीस चिंधीनं काढू लागले. किती निघावं! त्यात वाळू होती, काडी होती, आणि माझ्या जुन्या बांगडीचा हिरवा तुकडासुद्धा. तळाशी तीन पट्ट्या दिसू लागल्या, प्रत्येकीला एक खाच. दांड्याचं खालचं बोट या खाचांतून फिरतं. तिन्ही खाचा एका रेषेत हव्यात, नाहीतर दांडा वर बसेल आणि खाली काहीच होणार नाही, असं भाऊजींनी बजावलं होतं. एक पट्टी जरा पुढे सरकलेली होती. पेचकस आत घालून मी ती अलगद मागे घेतली. टक. तो आवाज माझ्या कोपरापर्यंत आला. नवीन ग्रीस, वाटी, दांडा, स्प्रिंग. मग झाकण. ते दाबून फिरवायचं, पण स्प्रिंग काही ऐकेना. दोन्ही अंगठे दुखून आले. एकदा बसलं असं वाटलं आणि हात काढला, तर झाकण उडून टपाला आपटलं आणि माझ्या डोक्यावर टेंगूळ काढून सीटखाली गेलं. शाळेच्या खिडकीतून बाईंनी डोकावून पाहिलं. मी त्यांना हात केला. मग पोट दांड्यावर टेकवलं, सगळं वजन घातलं, या वयात वजनाची काही कमी नाही, आणि फिरवलं. खट्.

मी हळूच मूठ धरली. हलवली. दांडा मधोमध उभा होता, ताठ, सोडला की परत मध्ये यायचा. पहिला: एवढासाच हात, आणि भिंतीला टेकल्यासारखा पडला. दुसरा. तिसरा! तिसरा तिथेच होता, जिथे माणसानं असायला हवं तिथे. चौथा मागे घेतला आणि मूठ शेजारच्या सीटपासून वीतभर लांब थांबली. मी पुन्हा पुन्हा टाकत बसले, पहिला दुसरा तिसरा चौथा, चौथा तिसरा दुसरा पहिला, इंजिन बंद असताना, पेटी वाजवायला शिकणाऱ्या पोरीसारखी. पोलीस लांबून बघत होता. मी खिडकीतून ओरडले, "बसला!" त्यानं शिट्टी वाजवली आणि माझ्यासाठी सगळा चौक थांबवला.

आणि मग ते झालं, जे मला अजून नीट सांगता येत नाही. ट्रक निघाला, दुसरा, तिसरा, लांब रस्ता मोकळा, इंजिनाचा आवाज चढायला लागला. शाळेतले मास्तर सांगायचे, काट्याकडे बघा, अमुक आकड्याला गिअर बदला. मी काट्याकडे पाहिलंच नाही. आवाज त्या ठरावीक जागी आला, घशात अडकल्यासारखा झाला, आणि माझा उजवा गुडघा आपोआप बाजूला झाला. नेहमीसारखा! पण आता त्या गुडघ्याखाली अॅक्सिलरेटर होता. पाय सुटला, इंजिन निवलं, क्लच दाबला गेला, चौथा लोण्यात सुरी जावी तसा गेला. इतका अचूक गिअर मी शाळेच्या ट्रकवरही कधी टाकला नव्हता. म्हणजे इतकी वर्षं मी शेजारी बसून शिकतच होते की! हाताला माहीत नव्हतं, डोक्याला माहीत नव्हतं, गुडघ्याला माहीत होतं. मी मोठ्यांदा गाऊ लागले, शब्द येत नव्हते तिथे इंजिनाबरोबर नुसतं गुरगुरले. रस्त्याकडेची दुकानं, खांब, दोरीवरचे कपडे, सगळं माझ्याकडे धावत येत होतं आणि मला वाट देत होतं. मला वाटलं, असंच पुढे जावं, शहर संपेपर्यंत, मग दुसरं शहर. मग यांचा चेहरा आठवला आणि मी घराकडे वळवला.

हे फाटकाशी उभे होते, गळ्यात टॉवेल, डावा हात उजव्या हातानं पोटाशी धरलेला. आवाजावरून त्यांना गल्लीच्या तोंडाशीच कळलं असणार. ट्रक गिअर न खरडता येत होता. मी खाली उतरले. मला वाटलं होतं, मी सगळं भडाभडा सांगेन, वाटी, वळसा, आरसा. यांचं तोंड बघून मी नुसती किल्ली पुढे केली.

"कुणी आणला?"

"मी."

"गिअर?"

"नवीन वाटी घातली. भाऊजींनी करून दिली. मी बसवली."

हे ड्रायव्हरच्या बाजूनं चढले. मी म्हटलं, "अहो, खांदा," पण तोवर इंजिन सुरू झालं होतं. मी दारात उभी राहून पाहत होते. यांचा हात मुठीवर गेला, मनगटानं तो जुना हिसका दिला, कोपर बरगडीला लागलं, आणि दांडा भलतीकडेच जाऊन आपटला. आत गिअरच्या दातांवर दात खरडले. पुन्हा हिसका, पुन्हा खरड. तिसऱ्यांदा ट्रकनं आचका दिला आणि इंजिन बंद पडलं. तळावरचे सगळे ड्रायव्हर जिथे बसून हरले होते तिथे आज हे बसले होते. खांदा दुखत असणार, कारण वरचा ओठ पांढरा पडला होता. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता ती वाटी काढून दगडानं फोडावी. खरंच वाटलं.

"हा आपला ट्रक नाही," हे म्हणाले. रागानं नाही. ओळखीच्या घराचं दार दुसऱ्यानंच उघडावं, तसे म्हणाले. खाली उतरले, पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले आणि दार उघडून माझ्या जागेवर बसले. "चल."

"कुठे?"

"वखारीत. शब्द दिलाय."

"अहो, आता मी चालवते आहे ना. मला येतंय."

"येतंय ना? मग वखारीपर्यंत चालव. ओढून न्यायची नामुष्की तरी टळेल."

मी चढले. इंजिन सुरू केलं. यांनी आधी मित्राला फोन करून दोर नको म्हणून सांगितलं, मग फोन खिशात ठेवला आणि समोर बघत बसले. मी गल्लीतून बाहेर काढला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. यांचा डावा हात मांडीवर होता, रिकामा, आणि मी गिअर टाकला की त्याची बोटं हळूच मिटायची. मला सकाळचा सगळा आनंद आठवत होता आणि तो लाज वाटण्यासारखा मोठा होता. तो अजूनही माझ्यात होता, जात नव्हता, यांच्या दुःखाशेजारी तो बसून राहिला होता आणि उठायला तयार नव्हता. मी म्हटलं, "भाऊजी म्हणाले, गोळा एकाच बाजूनं खाल्लाय. चौथ्यात टाकताना तुम्ही वळसा घालायचात म्हणून." यांनी मान खिडकीकडे वळवली. "वकिलाचा आरसा आठवतो?" मी विचारलं. हे म्हणाले, "तुझे गुडघे तेव्हा फार पुढे यायचे." एवढंच. मी रस्त्याकडे बघत राहिले, कारण रस्ता जरा पाणावला होता.

पूल आला. पुलावर रहदारी होती, सगळ्यांच्या मागे मागे तिसऱ्यात चढलो. पूल उतरला की उजवीकडे वखार. मोठं वळण आहे, लाकडांच्या राशी वरूनच दिसतात. तिथे वळायचं तर वेग मोडून दुसऱ्यावर यावं लागतं. सरळ जायचं तर समोर लांबलचक रस्ता, चौथ्याचा. मी काही विचारणार नव्हते. विचारलं की हे शब्दाला जागणार, हे मला माहीत होतं. तोंडानं यांनी आजवर काही मागे घेतलेलं नाही. उतार लागला. लाकडं दिसू लागली, दारात वखारवाला उभा, कमरेवर हात ठेवून. माझा पाय ब्रेककडे निघाला होता. समोरची रहदारी फुटून मोकळी झाली, ट्रक उतारानं धावू लागला, आणि तिसऱ्यात इंजिनाचा आवाज चढायला लागला. चढला, आणखी चढला, त्या जागी आला, घशात अडकल्यासारखा झाला. हे खिडकीबाहेर बघत होते. आणि यांचा उजवा गुडघा बाजूला झाला.

दांडा आता तिथवर येत नाही. वीतभर लांब थांबतो. पण गुडघा बाजूला झाला, नीट, आदबीनं, मला जागा देण्यासाठी.

मी क्लच दाबला आणि चौथा टाकला. वखारवाल्यानं हात वर केला, मग दोन्ही हात वर केले, मग तो आरशात लहान होत गेला. पुढचा चौक आला. "वखारवाल्याला फोन करावा लागेल," मग हे म्हणाले. "शिव्या खाव्या लागतील." मी म्हटलं, "मी खाईन." यांनी मान हलवली, शब्द माझा आहे म्हणाले, मीच खाईन. मी माशांच्या टाकीवाल्या बाईंचं सांगितलं. त्यांना संध्याकाळी कळवते म्हटलंय, तेही सांगितलं. हे दोन्ही गुडघे जवळ घेऊन, मग लांब करून, सीटवर जरा मागे सरकून बसले, माप घेतल्यासारखे.

"अर्धं पाणी आधीच काढून ठेवायला सांग त्यांना," हे म्हणाले. "नाहीतर सगळं माझ्या मांडीवर सांडायचं."